बुधवारची रात्र, पवनेचा काठ आणि झाडाला झोळी

एप्रिल सरता सरता मावळातले बहुतेक ओढे कोरडे पडतात. पावसाळ्यात इथे पाऊस धो धो कोसळतो खरा, पण खाली आहे काळा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा कातळ पाणी पोटात फारसं धरून ठेवत नाही. श्रावणात खळाळणारा ओहोळ फाल्गुनात डोहापुरता उरतो आणि वैशाखात नुसते गोटे दिसतात. पवना मात्र धरणाच्या खाली भर उन्हाळ्यातही वाहती असते, कारण पिंपरी-चिंचवडला प्यायला पाणी लागतं.

पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध करतात आणि मग ते शहरातल्या पिंपळे गुरवच्या नळाला येतं. नोव्हेंबर २०१९ पासून तेही दिवसाआड. हे पाणी नदीतून न आणता बंद जलवाहिनीने थेट धरणातून आणायची योजना निघाली, तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. उन्हाळ्यात नदी वाहती आहे, काठची जांभळं-करंजं हिरवी आहेत आणि आपल्याला झोळी बांधायला सावली मिळते, त्यामागे हा सगळा हिशेब आहे. म्हणून काठावर एक रात्र काढायचा बेत आखताना मला पहिला मान पाण्याचा वाटतो. आपण आपल्याच नळाच्या वरच्या अंगाला झोपायला निघालोय.

आता बेताकडे.

गुरुवारची सुट्टी ही चैन आहे

पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वेगवेगळ्या दिवशी वाटून घ्यायच्या पद्धतीतून ही चाल पडली आणि टिकली. लग्नकार्य, शाळेचं स्नेहसंमेलन, नातेवाइकांचं जेवण, सगळीकडे या गुरुवारची कुचंबणा होते. पण पवनेच्या काठी तिचं सोनं होतं. शनिवारी रात्री पवना जलाशयाभोवती तंबूंची जत्रा, स्पीकर आणि शेकोट्या असतात. बुधवारी रात्री त्याच काठावर रातव्याचा आवाज ऐकू येतो. पहिली शिफ्ट साडेतीनच्या सुमारास सुटली, तर उन्हं कलायच्या आत काठावर पोचता येतं.

जायला गाडीच हवी असं नाही. पिंपळे गुरवच्या माणसाला कासारवाडी किंवा दापोडी स्टेशन हाकेच्या अंतरावर. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. कामशेतला उतरायचं, तिथून पवनानगरला एसटी किंवा वडाप. सगळं मिळून पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर. पाठीवर बोचकं घेऊन लोकलने निघालेल्या चौघांना वाटेत कुणी ना कुणी विचारतंच, कुठल्या गडावर निघालात म्हणून. त्या गप्पांत पाण्याची आणि वाटेची जी माहिती मिळते, ती नकाशात नसते.

चार गड, एक तह

जलाशयाच्या आसपास तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर हे चार किल्ले उभे आहेत. तुंगचं दुसरं नाव कठीणगड, तिकोन्याचं वितंडगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. पुढे ते परत घेतले गेले. तेव्हा खाली हा तलाव नव्हता, नुसतं खोरं होतं. धरण झालं १९७२ च्या सुमाराला, साठवण साडेआठ टीएमसीच्या घरात.

त्या पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली आणि एक देऊळही गेलं. वाघेश्वराचं हे जुनं दगडी मंदिर पावसाळा ते हिवाळा बुडालेलं असतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. मग लोक दर्शनाला जातात. मे महिन्यात जाण्याचा हा एक खास फायदा, कारण हे देऊळ डिसेंबरात दिसणार नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा लढा मात्र दशकानुदशकं चालू राहिला. काठावर तुम्हाला जागा देणारा, जेवण रांधून देणारा माणूस बऱ्याचदा त्याच घरांतला असतो. त्याला जागेचे पैसे देताना घासाघीस करू नये, असं माझं ठाम मत आहे.

झोळी आपलीच आहे

हॅमॉक म्हटलं की समुद्रकिनारा आणि नारळाची झाडं डोळ्यांपुढे येतात. पण महाराष्ट्रात निम्म्या गावांनी आपलं बाळपण झोळीत काढलंय. भातलावणीला किंवा खुरपणीला निघालेली बाई बांधावरच्या झाडाशी थांबते. जुन्या लुगड्याचं एक टोक फांदीवरून टाकते, दुसरं टोक खालून आणून दोन्हींची एकच घट्ट गाठ मारते आणि गाठ वर सरकवून देते, म्हणजे ती बाळाच्या पाठीला टोचत नाही. मग तळहाताने कापड दोनदा खाली दाबून पाहते. एकदा गाठीसाठी, एकदा फांदीसाठी. त्यानंतरच बाळ आत जातं. हे दोनदा दाबून पाहणं प्रत्येक हॅमॉकवाल्याने उचलावं. आधी हाताने भार द्यायचा, मग बूड टेकायचं, मग पाय वर घ्यायचे. जिथे गाडीरस्ता पोचलेला नाही, त्या सह्याद्रीतल्या वाड्यांवरून आजारी माणसालाही बांबूला बांधलेल्या झोळीतूनच खाली आणावं लागतं. तीही झोळी अशीच दाबून पाहतात.

जगाचा पसारा पाहिला तर गोष्ट आणखी रंगते. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले ताइनो लोक दोन खांबांमध्ये विणलेल्या जाळीत झोपत होते. जमिनीवरची ओल, किडे, साप या सगळ्यांवर तो एकच इलाज. खलाशांनी तो उचलला आणि १५९७ मध्ये इंग्लंडच्या नौदलाने जहाजांवर अधिकृतपणे घेतला. जहाज डोललं तरी झोळी सरळ राहते आणि झोपलेला माणूस खाली पडत नाही.

आणि चंद्र! जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या दोघांनी चांद्रयानात अवघडून, जागा मिळेल तसं अंग टेकलं. झोप कसली लागते! त्याच वर्षी नोव्हेंबरात अपोलो १२ गेलं, तेव्हा यानात हॅमॉक टांगलेले होते. चंद्रावर वजन सहा पटींनी कमी, त्यामुळे दोरीला ताणही तेवढाच कमी.

झोका दिल्यावर बाळ का झोपतं, याचाही छडा लागू लागलाय. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये बारा जणांना दुपारी पाऊण तास झोपायला सांगितलं, एकदा स्थिर पलंगावर आणि एकदा हलक्या झोक्याच्या पलंगावर. झोका संथ होता, चार सेकंदांना एक. झोक्यावर सगळ्यांना लवकर झोप लागली आणि मेंदूच्या लहरींत गाढ झोपेच्या खुणा वाढल्या. २०१९ मध्ये त्यांनी रात्रभराच्या झोपेवरही प्रयोग केला. निष्कर्ष तोच निघाला, वर झोपण्यापूर्वी शिकलेलं सकाळी अधिक चांगलं आठवलं. आपल्या आजीला हे कोणी सांगायची गरज नव्हती, तरी ते आकड्यांत पाहून आनंद होतो.

पट्टा ताणून बांधू नका

नवा माणूस हॅमॉक बाजेसारखा सपाट बांधायला जातो, आणि तिथेच गणित फिरतं. पट्टा जमिनीशी समांतर रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल, तर ७० किलोच्या माणसाने प्रत्येक झाडावर पडणारी ओढ ७० किलोच असते. कोन १० अंशांवर आणला की तीच ओढ २०० किलोंवर जाते. ५ अंशांवर ४०० किलो! माणूस तोच, झाड तेच, फक्त पट्टा घट्ट. फांदी मोडते, शिवण उसवते, बकल निसटतं ते यामुळे. भोसरीत क्रेनच्या स्लिंगवर काम केलेल्या कुणालाही विचारा, स्लिंगचा कोन पसरला की क्षमता घटते, हे तो झोपेतही सांगेल. नियम एकच आहे.

३० अंश मोजायला कोनमापक नको. हाताचं पिस्तूल करा, अंगठा वर आणि तर्जनी पुढे. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेषा जाते, पट्टा तिच्या जवळपास असला की झालं. झाडांमधलं अंतर चार ते पाच मीटर, पट्टा डोक्याच्या उंचीला किंवा जरा वर, आणि बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीला. त्याहून उंच टांगण्यात कसलंही शौर्य नाही.

आत लांबीच्या रेषेत झोपलं की पाठ केळ्यासारखी वाकते. तिरकं झोपायचं, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड आपोआप सपाट होतं आणि कुशीवरही वळता येतं. या एका गोष्टीसाठी कित्येक जण हॅमॉकला नावं ठेवून परत जमिनीवर आले आहेत.

दोरी थेट खोडाला बांधायची नाही. झाडाचं अन्न वाहून नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो. बारीक दोरी त्यात रुतली की जखम होते. पट्टा निदान दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवा, त्याहून रुंद मिळाला तर उत्तम. तो पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि पहाटे आपण जमिनीला टेकलेले असतो. चाकणहून निघणाऱ्या ट्रकवर माल आवळायला जे रॅचेट बेल्ट लागतात, तेही पॉलिएस्टरचेच असतात, त्याच कारणासाठी. पण जुना, उन्हाने पांढरा पडलेला, कडेला उसवलेला बेल्ट माणसासाठी वापरू नये. माल पडला तर भरून निघतो.

झाड निवडताना

काठावर जांभूळ, करंज, उंबर, अर्जुनसादडा ही मंडळी भेटतात. जांभूळ आणि अर्जुन पक्के. खोड निदान मांडीएवढं जाड हवं आणि वर वाळकी फांदी लोंबत नाही ना, ते आधी मान वर करून पाहायचं. शेवगा दिसायला बरा, पण लाकूड ठिसूळ. पांगारा आणि काटेसावर यांना काटे. बिब्ब्याच्या वाटेला तर जाऊच नये, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. उंबराखाली झोपायला हरकत नाही, पण उन्हाळ्यात तो फळलेला असला तर रात्रभर वटवाघळांची पंगत बसते आणि खरकटं आपल्यावर पडतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना ही पंगत टॉर्च न मारता जरूर दाखवावी.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आग्या मोहोळ. उंच झाडांच्या जाड फांद्यांखाली किंवा कड्याच्या पोटाला काळसर मोठं पोळं दिसलं की ती जागा सोडायची. धूर, तीव्र वासाचा परफ्यूम आणि आरडाओरडा यांनी या माश्या उठतात, आणि उठल्या की लांबपर्यंत पाठलाग करतात. उन्हाळ्यात गडांवर होणाऱ्या गंभीर अपघातांत यांचा हात मोठा आहे.

झाडावर झोपण्यात आपला खरा गुरू मात्र शेकरू. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी एका घरावर कधी समाधान मानत नाही. उंच झाडांच्या शेंड्यांत काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवतो आणि आलटून पालटून वापरतो. त्याच्यासाठी भीमाशंकरचं जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झालं. तिथे मनाला येईल तिथे झोळी टांगता येत नाही, वनविभागाची परवानगी लागते. देवराईतही तसंच. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळलं की देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत जुने वृक्ष टिकलेत आणि त्यांच्या पोटात झरे आहेत. तिथलं पडलेलं लाकूडही उचलायचं नाही असा अनेक गावांचा दंडक असतो. गावकऱ्यांना विचारावं, आणि त्यांनी नको म्हटलं तर बाहेरच्या बांधावर झोपावं.

काठापासून साठ मीटर

पाण्याला लगटून झोपावंसं वाटतं, तरी तसं करू नये. एक कारण धरणाचं. पाणी कधी किती सोडायचं ते आपल्याला विचारून ठरत नाही, आणि पात्रातल्या खडकावर रात्री पाणी वाढलं तर अंधारात पळायला वाट नसते. म्हणून झोळी उंच दरडीवर, पात्राबाहेर. दुसरं कारण जनावरांचं. वैशाखी पौर्णिमेला वनविभाग ताडोबा, मेळघाटात लोकांना मचाणावर बसवून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायला लावतो. तीच रात्र निवडतात, कारण चांदणं लख्ख असतं आणि पाणवठे मोजके उरलेले असतात, त्यामुळे प्राण्यांना तिथे यावंच लागतं. मावळातही हाच न्याय. आपण पाण्याची वाट अडवून झोपलो तर ससा, साळिंदर, रानमांजर तहानेले परत जातात.

तिसरं कारण नळाचं. साबण, शाम्पू, भांड्यांचं खरकटं, काहीही नदीत जाऊ द्यायचं नाही. भांडी घासायची तर पाणी भांड्यात घेऊन काठापासून निदान साठ मीटर, म्हणजे ऐंशी-नव्वद पावलं लांब. शौचालाही तेवढंच लांब, वीतभर खोल खड्डा करून, वर माती लोटून. घासायची माती-राख झाडाखाली ओतायची. पाकिटावर ‘निसर्गात विरघळणारा’ असं छापलेला साबणसुद्धा पाण्यातल्या माशांना चालत नाही.

आणि पोहायचं नाही. जलाशय वरून शांत दिसतो. आत उतार एकदम तुटतो, गाळात पाय रुततो, पाणी गार असतं. पवनेत बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि बहुतेक तरुण मुलांच्या असतात. पाय सोडून बसावं, तेवढ्यात पोट भरतं.

बूट वर टांगा

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना त्याचे दंश होतात. दुखत फारसं नाही, खूण दिसत नाही, म्हणून उशीर होतो. झोळीत झोपणारा या धोक्यातून बऱ्यापैकी सुटतो. फुरसं, घोणस, नाग यांच्यापासूनही, फक्त रात्री खाली पाय टाकताना टॉर्च हवाच. बूट मात्र खाली ठेवले तर सकाळी आधी ते विंचवाचे. नाड्यांनी पट्ट्याला टांगून द्यावेत.

विंचवावरून एका मोठ्या माणसाचं नाव घ्यायला हवं. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पटापट माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, जगभर वापरात आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण दवाखान्यात बसून केलेलं हे काम आहे. काठावर जाण्याआधी जवळचं सरकारी रुग्णालय कुठे ते पाहून ठेवावं. दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, दोरी आवळणं काही करू नये. हलवाहलव कमी करून थेट रुग्णालय गाठावं.

मेमध्येही पहाटे झोळीत पाठीला गारवा लागतो, याचं नव्या लोकांना नवल वाटतं. खालून वारा फिरतो, आणि अंगाखाली दबलेली गोधडी फुगलेली नसल्यामुळे ऊब धरत नाही. गोधडी आत अंथरण्यापेक्षा झोळीच्या खालून बाहेरच्या बाजूला टांगली तर जास्त ऊबदार लागते. आत एक योगा मॅट सरकवली तरी काम भागतं. मच्छरदाणी मात्र विसरू नये, पाण्याकाठचे डास पातळ कापडातून पाठीला चावतात.

वर पाहायला

उताणं झोपून आकाश पाहायला झोळीसारखी जागा नाही. मे महिन्यात रात्र पडली की सप्तर्षी वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती सापडते, आणखी पुढे नेला की पांढरी चित्रा. दहाच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिकाचा आकडा वर येतो, त्याच्या छातीत लालसर ज्येष्ठा. मध्यरात्रीनंतर अमावास्येच्या जवळपास आकाशगंगेचा पट्टा दिसतो. ५-६ मेच्या पहाटे उल्का दिसल्या तर त्या हॅलेच्या धूमकेतूने मागे टाकलेली धूळ असते. त्याच महिन्यात १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुलांना हे दोन्ही दाखवता आलं तर फारच छान.

काजवे हवे असतील तर मेचा शेवट ते जूनची सुरुवात, आणि राजमाची. श्रीवर्धन आणि मनरंजन या जोडगडांच्या पायथ्याला उधेवाडी, जवळ जुनं मंदिर आणि तळं. काजव्याचा प्रकाश जवळजवळ बिनउष्णतेचा. नर उडता उडता लुकलुकतो, मादी गवतातून किंवा झाडावरून उत्तर देते. त्यांचं हे बोलणं मोबाईलच्या उजेडात तुटतं, म्हणून टॉर्चवर लाल पारदर्शक कागद लावायचा आणि फोटोचा मोह आवरायचा. त्यांच्या अळ्या गोगलगाई खातात. पायाखाली चिरडून काजवे कमी झाले की पुढची पिढीही कमी होते, एवढं लक्षात ठेवून झाडांखालून चालायचं टाळावं.

पहाट झाल्यावर पाण्याकडून कुणी माणूस शीळ घालतोय असं वाटेल. तो कस्तूर. पावसाच्या आधी त्याचा गळा मोकळा होऊ लागतो. दिवसा पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून घसा कोरडा करतो, आणि पावसाच्या तोंडावर नवरंग येऊन दाखल होतो.

डब्यात दशम्या

शेकोटी नाही. हे लिहिताना मला जराही वाईट वाटत नाही. गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते आणि वणवा डोंगर चढतो. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. पण आपल्या स्वयंपाकघरात बिनविस्तवाच्या प्रवासाची तयारी पिढ्यान्‌पिढ्या आहे. दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून मऊ राहतात आणि दुसऱ्या दिवशीही चालतात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडा ठेचा, गुळाचा खडा. सकाळी सातूचं पीठ पाण्यात कालवून गूळ घातला की न्याहारी झाली, गॅस नको, पातेलं नको. काठावरच्या घरी आधी सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं मिळतं आणि चार पैसे गावात राहतात. येताना वाडीवरच्या मुलांकडून करवंदं आणि जांभळं विकत घ्यावीत.

पाणी माणशी चार लिटर धरावं आणि एक लिटर म्हणजे एक किलो हे पाठीला आधीच सांगावं. हॅमॉक, पट्टे आणि वरचं छत मिळून दीड-दोन किलोंत बसतात, तंबू एकटाच त्याहून जड होतो. म्हणून वाचलेलं वजन पाण्यावर खर्च करावं. नदीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

वळीव आला तर

दुपारी ढग उभे चढू लागले, वारा थांबला आणि उकाडा वाढला की वळीव येणार. छत हॅमॉकच्या वर कमानीसारखं ताणून ठेवावं आणि पट्ट्याला छताच्या आत एक सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडावा. खोडावरून पट्ट्याने वाहत येणारं पाणी त्या सुतळीवरून खाली टपकतं, झोळी कोरडी राहते. पाच रुपयांत होणारी ही युक्ती हजार रुपयांच्या सामानाहून उपयोगी आहे.

विजा असतील तर मात्र झोळी तशीच सोडून घरात किंवा बंद गाडीत जायचं, कारण झाडाला बांधलेलं अंथरूण ही त्या वेळी सगळ्यांत वाईट जागा. ‘दामिनी’ हे वीज पडण्याची सूचना देणारं ॲप पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलंय, आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरांच्या वर्तुळातल्या विजा ते दाखवतं. रेंज कुठे मिळते ते संध्याकाळीच पाहून ठेवावं.

७ जूनला मृग लागला की हा बेत बंद. कोरडे ओढे एका सरीत फुगतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते काही मिनिटांत वाढलेल्या पाण्यामुळे. पाऊस सुरू झाल्यावर काठावर झोपणं नाही.

घरी आल्यावर हॅमॉक साध्या पाण्यात धुवावा, पिळू नये, सावलीत वाळवावा. कडक ऊन नायलॉनला खातं आणि मावळी पावसाळ्यातली दमट हवा त्याला बुरशी आणते, म्हणून पूर्ण सुकल्यावरच घडी घालून माळ्यावर. पट्ट्यांची शिवण त्याच वेळी बोटाने चाचपून पाहावी. पुढचा बेत पावसाळा सरल्यावर. भातं कापणीला येतात तेव्हा ओढ्यांना पाणी असतं, आकाश निवळलेलं असतं, आणि मग धरणाच्या पाण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. कामशेतहून जांभवलीला जावं, कोंडेश्वराच्या मंदिराजवळच्या ओढ्याकाठी गावकऱ्यांना विचारून जागा घ्यावी, आणि या वेळी मात्र जाड गोधडी झोळीच्या खालूनच टांगावी.